उजेडाचे आकडे

चित्राविषयी रेडिओवरून बोलायचं म्हणजे अवघड काम, असं तुम्हाला वाटेल. ना फळा, ना पडदा. पण मोबाइलमधल्या फोटोच्या बाबतीत रेडिओची तशी काही अडचण नाही. तो फोटो म्हणजे मुळात आकड्यांची एक लांबलचक यादी असते, आणि यादी काय, वाचून दाखवता येते.

समजा, ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. तुम्ही कर्जत लोकलच्या खिडकीशी बसला आहात. नेरळ मागे पडलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं, लावलेलं भात आता सावरून हिरवंगार झालेलं. पलीकडे माथेरानचा डोंगर, त्याच्या काळ्या कातळावरून उतरणारे पांढरे ओहोळ. आणि जवळच्या खाचरात बेणणी करणारी, म्हणजे तण काढणारी एक बाई. डोक्यावरून निळ्या प्लास्टिकची खोळ. इरलं आता फारसं दिसत नाही, त्याची जागा या खोळीनं घेतली. गाडी सिग्नलला थांबली आणि तुम्ही फोटो काढला.

मोबाइल अगदी साधा, १२ मेगापिक्सेलचा आहे असं धरू. म्हणजे फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० असे एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे : लाल किती, हिरवा किती, निळा किती. एकूण तीन कोटी साठ लाख आकडे. सेकंदाला एक या वेगानं, न जेवता न झोपता मी ते वाचत बसलो, तर ४१६ दिवस लागतील. आकाशवाणी मला एवढा वेळ देणार नाही, हे आपल्या सगळ्यांच्याच हिताचं आहे.

यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या मधला असतो. २५५च का? तर संगणकाच्या एका बाइटमध्ये आठ बिट असतात, प्रत्येक बिटला दोनच पर्याय, आणि दोनला दोननं आठ वेळा मांडून गुणलं की २५६ येतात. शून्य धरून मोजायचं म्हणून शेवटचा आकडा २५५. तिन्ही आकडे शून्य असले की तो ठिपका काळा. तिन्ही २५५ असले की पांढरा. तिन्ही सारखे असले की राखाडी.

आता खरा प्रश्न. या यादीत उजेड कुठे आहे? लालचा रकाना आहे, हिरव्याचा आहे, निळ्याचा आहे. ‘उजेड’ असा रकानाच नाही. आपण मात्र सहज म्हणतो, फोटो अंधारा आलाय, जरा उजळ कर. मोबाइलसुद्धा लगेच एक पट्टी पुढे करतो, तिच्यावर बोट सरकवलं की चित्र उजळतं. यादीत जी गोष्ट लिहिलेलीच नाही, ती कमी-जास्त होते कशी?

ती हिशेबानं काढावी लागते. हिशेबाच्या रीती एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. हे कुणी तपशिलात सांगत नाही, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

आपल्या फोटोतले दोनच ठिपके उचलू. एक भाताच्या पातीचा. त्याचे आकडे, समजा, लाल ९०, हिरवा १५०, निळा ४०. दुसरा त्या बाईच्या खोळीचा : लाल ३०, हिरवा ६०, निळा २००. कोणता ठिपका जास्त उजळ?

शाळेत शिकलेली रीत म्हणजे सरासरी. तिन्हींची बेरीज करा, तीननं भागा. भाताचे येतात ९३, खोळीचे ९७. म्हणजे दोन्ही जवळपास सारखे, खोळच किंचित उजळ. दुसरी रीत, तिघांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायची. रंग निवडण्यासाठी चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये जे रंगचक्र दिसतं, त्यामागे बऱ्याचदा हीच रीत असते. अल्वी रे स्मिथ यांनी ती १९७८ साली मांडली. तिच्या हिशेबानं भात १५०, खोळ २००. खोळ कितीतरी उजळ! तिसरी रीत वजन देऊन बेरीज करायची : लालला सुमारे ३० टक्के वजन, हिरव्याला ५९, निळ्याला ११. आता भात १२० होतं आणि खोळ ६७. निकाल पार उलटला.

ठिपके तेच, प्रश्न तोच आणि उत्तरं तीन. यातलं डोळ्याला पटणारं उत्तर तिसरं. खिडकीतून बघताना ती निळी खोळ हिरव्या खाचरात गडद दिसते, आणि म्हणूनच ती बाई आपल्याला दिसते. हाच फोटो सरासरीच्या रीतीनं काळा-पांढरा केला, तर ९३च्या शेतात ९७ची बाई विरघळून जाईल. फोटोतून तिला कुणी पुसलेलं नाही. हिशेब तेवढा चुकीच्या रीतीनं झाला.

हे ३०, ५९, ११ आले कुठून? त्यासाठी थोडं मागं जाऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा चित्र काळं-पांढरं होतं. १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी, आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं. पण रंगीत संच लगेच विकत घेणारी घरं किती असणार? कर्जत-खोपोलीकडच्या घरांत काय किंवा मुंबईच्या चाळींत काय, जुने काळे-पांढरे संच पुढे वर्षानुवर्षं चालले. आणि रंगीत कार्यक्रम त्या जुन्या डब्यावर बिनतक्रार दिसत होता. गाणाऱ्या बाईची लाल साडी राखाडी दिसायची, पण दिसायची. तेव्हा याचं कुणाला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

ही युक्ती फ्रेंच अभियंते जॉर्ज वॅलन्सी यांची, १९३८ सालची. लाल, हिरवा, निळा असे तीन संदेश पाठवण्याऐवजी एक संदेश निव्वळ उजेडाचा पाठवायचा आणि रंगाची माहिती त्याच्या जोडीला वेगळी द्यायची. जुना संच उजेडाचा संदेश वाचतो, रंगाकडे दुर्लक्ष करतो. नवा संच दोन्ही वाचतो आणि त्यातून तिन्ही रंग परत उभे करतो. १९५३ साली अमेरिकेनं रंगीत टीव्हीसाठी याच तत्त्वावरची पद्धत स्वीकारली. त्या वेळी उजेडाचा संदेश बनवायला जी वजनं ठरली, ती नेमकी सांगायची तर हजारात २९९, ५८७ आणि ११४. आपल्याकडे आलेली पॅल पद्धत युरोपातली होती, पण वजनं हीच.

हिरव्याला एवढा मान देण्यात कुणाची मर्जी नव्हती, डोळाच तसा आहे. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, निळ्याला सर्वांत कमी. हे मोजण्याचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत झालं. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगानं १९२४ साली डोळ्याच्या संवेदनेचा आलेख ठरवला आणि १९३१ साली रंगाचं प्रमाण बांधलं. या १९३१च्या प्रमाणामागे ब्रिटनमधल्या राइट आणि गिल्ड यांचे प्रयोग होते, आणि दोघांच्या प्रयोगांत मिळून माणसं होती १७. आज जगातल्या झाडून साऱ्या पडद्यांचं रंगमापन त्या सतरा जणांच्या डोळ्यांपर्यंत जाऊन पोचतं.

एक गोष्ट मात्र या वजनांना जमत नाही. तिन्हीसांजेला डोळा आपला कौल बदलतो. अंधार पडू लागला की लाल रंग आधी काळा पडतो आणि हिरवा-निळा मागे रेंगाळत राहतो. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपलं होतं. दिवसा त्या खोळीपेक्षा बाईचं लाल लुगडं उठून दिसेल, दिवेलागणीला उलटं. यादीतली वजनं मात्र दिवसरात्र तीच.

१९९२च्या सुमारास जेपीईजी ही फोटो साठवायची पद्धत ठरली, तेव्हा तिनंही टीव्हीचीच वजनं उचलली. आजही तुमच्या मोबाइलमधले बहुतेक फोटो तीच वापरतात. १९५३च्या ज्या पडद्यांसाठी ती काढली होती, ते पडदे कधीच भंगारात गेले, आकडे राहिले. हाय-डेफिनिशन टीव्हीसाठी १९९०मध्ये नव्यानं हिशेब झाला, त्यात हिरव्याचं वजन आणखी वाढून ७२ टक्क्यांवर गेलं आणि निळ्याचं ७वर आलं.

फोटो साठवताना उजेड आणि रंग वेगळे काढण्याचा आणखी एक फायदा असतो. आपला डोळा उजेडातले बारकावे फार नेमके टिपतो, रंगातले तितके नाही. म्हणून जेपीईजीत उजेडाचा आकडा प्रत्येक ठिपक्याचा ठेवतात, आणि रंगाचे दोन आकडे बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकदाच. तीन कोटी साठ लाखांचे एक कोटी ऐंशी लाख होतात. माझं वाचन ४१६ दिवसांवरून २०८ दिवसांवर येतं आणि ऐकणाऱ्याला फरकही कळत नाही. त्यानंतर आणखी गाळणी होते. ती ज्या गणितावर चालते, ते बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केलं होतं. जगातल्या अब्जावधी फोटोंच्या पोटात एका भारतीयाचं गणित आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नाही.

आतापर्यंत मी आकड्यांविषयी असं बोललो, जणू २०० म्हणजे १००च्या दुप्पट उजेड. तसं नसतं. आणि सगळी मेख इथेच आहे.

अंधाऱ्या खोलीत एक दिवा जळतोय. दुसरा लावला, तर खोली एकदम उजळल्यासारखी वाटते. त्याच खोलीत शंभर दिवे जळत असताना एकशे एकावा लावला, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वाढ दोन्हीकडे एकाच दिव्याची. डोळा बेरजेनं मोजत नाही, पटीनं मोजतो. वेबर आणि फेश्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात हे नियमात बसवलं. आपल्या खालापूर तालुक्यात तर या नियमाचं एक वेगळंच प्रात्यक्षिक झालं. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. डोंगरातल्या वाड्यांवर पहिला दिवा लागायला त्यानंतर अनेक दशकं जावी लागली. मुंबईच्या हजारो दिव्यांत एकाची भर कुणाला कळली नसती. वाडीवर ती साऱ्यांना कळली.

कॅमेऱ्याचा संवेदक मात्र सरळ बेरजेनं मोजतो. दुप्पट प्रकाश आला की दुप्पट आकडा. हा आकडा तसाच ० ते २५५मध्ये बसवला तर काय होईल? पूर्ण पांढऱ्याच्या एक टक्का उजेड असलेल्या सावलीपर्यंत अडीच पायऱ्या येतील, जेमतेम. सावलीतला सगळा तपशील दोन-तीन आकड्यांत कोंबला जाईल. वरच्या टोकाला मात्र पायऱ्याच पायऱ्या, ज्यांतला फरक कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. म्हणून फोटो साठवताना पायऱ्या मुद्दाम असमान ठेवतात : अंधारात लहान लहान आणि दाट, उजेडात मोठ्या मोठ्या. याला ‘गॅमा’ म्हणतात. सध्या सर्वत्र चालणाऱ्या एसआरजीबी या प्रमाणात त्या एक टक्का उजेडापर्यंत पंचवीस पायऱ्या असतात. दहापट.

याचा परिणाम असा, की यादीतला १२८ हा आकडा अर्धा उजेड दाखवत नाही. तो जेमतेम २२ टक्के उजेड दाखवतो. खरा अर्धा उजेड १८८ला येतो. आपल्या भाताचे १२० आणि खोळीचे ६७ यांवरून भात दुप्पट उजळही वाटत नाही. पायऱ्या उलगडून प्रत्यक्ष प्रकाश मोजला, तर भातावरून येणारा उजेड खोळीच्या तिपटीहून जास्त निघतो.

गंमत म्हणजे ही असमान पायऱ्यांची रचना डोळ्यासाठी म्हणून आलीच नाही. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत विजेचा दाब दुप्पट केला, तर उजेड दुप्पट न होता साधारण पाचपट व्हायचा. ही त्या नळीची खोड. ती भरून काढायला प्रक्षेपण केंद्रातच उलटी दुरुस्ती करून चित्र पाठवत. ती दुरुस्ती आणि डोळ्याची रीत योगायोगानं जवळजवळ सारखी निघाली. नळ्या गेल्या, तरी दुरुस्ती राहिली, कारण ती भलत्याच कारणासाठी उपयोगी ठरली होती.

उजेडाला वेगळं काढता येणं शेतीतही उपयोगी पडतं, पण अगदी उलट कारणासाठी. कर्जतचं भात संशोधन केंद्र तुम्हाला माहीत असेल. कर्जत-३, कर्जत-५, कर्जत-७ ही वाणं तिथलीच. भाताला नत्र किती द्यायचं, हे ठरवायला जगभर भात पिकवणाऱ्या भागांत एक साधी पट्टी वापरतात, पानाच्या रंगाची. तिच्यावर पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत घरं असतात. पान त्यावर ठेवून जुळवायचं आणि जुळवताना आपल्या अंगाची सावली त्यावर पाडायची. ऊन थेट पडलं तर पान आहे त्यापेक्षा फिकं वाटतं आणि शेतकरी विनाकारण जास्त युरिया टाकतो.

आता पानाचा फोटो काढून हाच हिशेब करायचा, तर उजेडाची लुडबुड बाजूला सारावी लागते. त्यासाठी आकडा न बघता वाटा बघायचा. आपल्या पातीचे ९०, १५०, ४० यांत हिरव्याचा वाटा साधारण ५४ टक्के. ढग आला, उजेड निम्मा झाला. आकडे निम्मे होणार नाहीत, असमान पायऱ्यांमुळे ते ६६, ११०, २९च्या आसपास येतील. हिरव्याचा वाटा काढा : पुन्हा ५४. उजेड बदलला, वाटा जागचा हलला नाही. अर्थात मोबाइल स्वतःच्या अकलेनं रंग ‘सुधारतो’, तिथे हा हिशेबही घसरतो. म्हणून पान आणि पट्टी एकाच फोटोत शेजारी शेजारी घेणं बरं.

पानाच्या बाबतीत उजेड हा अडथळा. माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे, आणि हा प्रश्न निव्वळ हौशी फोटोंचा नाही.

कॅमेरा उजेड किती घ्यायचा हे ठरवताना एक गृहीत धरतो : समोरच्या दृश्यात उजळ-गडद सगळं मिसळलं, की सरासरी एक मध्यम राखाडी येते. फोटोग्राफीच्या जुन्या संकेतानुसार ही राखाडी अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत टाकणारी. आकड्यात सांगायचं तर ११८च्या आसपास. याच संकेतात गोऱ्या कातडीचा चेहरा त्याच्या दुप्पट, ३६ टक्के धरतात. युरोप-अमेरिकेतल्या फोटो प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची जी नमुना कार्डं असत, त्यांवर गोरी बाई असायची. तिचं नाव शर्ली होतं, म्हणून पुढे सगळीच कार्डं ‘शर्ली कार्ड’ झाली. शर्लीचा चेहरा नीट आला म्हणजे यंत्र नीट.

आपल्याकडे बहुतेक चेहरे शर्लीचे नाहीत. शेतात राबणारा सावळा चेहरा ९-१० टक्के प्रकाश परत टाकत असेल. त्याच्या मागे पांढरी भिंत ठेवा. पासपोर्ट आकाराच्या फोटोला ती हवीच असते. कॅमेऱ्याला दृश्य फार उजळ वाटतं, तो सगळंच खाली ओढतो. भिंत शुभ्रऐवजी मळकट येते आणि तिच्याबरोबर चेहराही ८५वरून ६०, ५०वर घसरतो. डोळे, भुवया, गालाची हाडं यांतला फरक दाखवायला मोजक्या पायऱ्या उरतात. किंवा घराच्या उघड्या दारात माणसाला उभं करून आतून फोटो काढा. बाहेरचा उजेड आतल्याच्या शंभरपट असू शकतो. कॅमेरा बाहेरच्या अंगणाची बाजू घेतो, माणसाची नाही.

नंतर उजळ करू की, असं आपण म्हणतो. उजळ होतंही, पण ज्या दोन ठिपक्यांत मुळात वेगळा असलेला उजेड एकाच आकड्यात पडला, ते पुन्हा वेगळे होत नाहीत. ५ला कितीनंही गुणा, दोन्हीकडे सारखंच उत्तर येणार. वरच्या टोकालाही तेच. माथेरानच्या ओहोळाचा पांढरा पट्टा एकदा २५५ला जाऊन टेकला, की त्यातल्या पाण्याच्या धारा कायमच्या गेल्या. नवे मोबाइल यावर उपाय म्हणून एका दमात अनेक फोटो घेतात, काही कमी उजेडाचे, काही जास्त, आणि त्यांचा मेळ घालतात. स्वस्त किंवा जुन्या मोबाइलकडून ती अपेक्षा धरू नये. त्यात तो फोटो व्हॉट्सॲपवरून तीन हातांतून फिरला, की प्रत्येक वेळी गाळणी होते आणि गडद भागातले फरक लवकर बळी पडतात. चेहऱ्यावर चौकटी चौकटी दिसू लागतात त्या यामुळेच. फोटो कागदपत्रासाठी असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ यादी जशीच्या तशी जाते.

कर्जत आणि खालापूरच्या डोंगरउतारावर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात. महाराष्ट्रात अशा तीनच, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. अनेक कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुन्हा पावसाआधी परततात. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा जमातींना आधार कार्ड, जातीचा दाखला मिळवून देण्यासाठी शिबिरं झाली. दाखल्याला फोटो लागतो. पुढे पोषण ट्रॅकर ॲपमध्ये अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा जुळवणं १ जुलै २०२५पासून सक्तीचं करण्यात आलं. लहान मुलाच्या आईचा चेहरा जुळला, तर पाकीट हातात पडणार.

चेहरा जुळला नाही, तर कारणं अनेक असू शकतात. नेटवर्क नसतं, मोबाइल नंबर बदललेला असतो. सगळं खापर उजेडावर फोडणं बरोबर नाही. पण यंत्राच्या नजरेतही पक्षपात असतो, हे आता मोजून सिद्ध झालं आहे. २०१८ साली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी तीन मोठ्या कंपन्यांच्या चेहरा वाचणाऱ्या प्रणाली तपासल्या. काम सोपं होतं, चेहरा बाईचा की पुरुषाचा एवढंच सांगायचं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. गडद वर्णाच्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. याचं मुख्य कारण, यंत्राला शिकवताना दाखवलेल्या चेहऱ्यांत गडद वर्णाच्या बायका फार कमी होत्या. शर्ली कार्डाचीच ही नवी आवृत्ती. ही दुरुस्ती कंपन्यांनी करायची आहे, अंगणवाडी सेविकेनं नाही.

पण उजेडाचा भाग आपल्या हातात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोटो काढताना बाईला दाराच्या आत, पण दाराकडे तोंड करून उभं करावं. बाहेरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल, मागे आतली भिंत येईल. काढणाऱ्यानं दाराकडे पाठ करावी, पण आपली सावली तिच्यावर पाडू नये. मोबाइलच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवावं. बहुतेक मोबाइल मग दृश्याची सरासरी सोडून तेवढ्या भागाचा उजेड धरतात. पावसाळ्यातला ढगाळ दिवस तर यासाठी फार चांगला. ढगातून झिरपलेला उजेड सगळीकडून सारखा येतो, नाकाखाली काळी सावली पडत नाही. भर उन्हात डोक्यावरचा पदर किंवा टोपी असेल तर कपाळ २५५ आणि डोळे २०, असा प्रकार होतो.

राहता राहिलं झेरॉक्सचं. फोटो चांगला आला, दाखल्यावर छापलाही नीट, आणि पुढच्या अर्जाला झेरॉक्स जोडली की चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन. कितीतरी जणांचा हा अनुभव असेल. यंत्र बिघडलेलं नसतं. अक्षरं स्वच्छ यावीत म्हणून ते नेहमी अक्षरांच्या पद्धतीवर लावलेलं असतं. त्या पद्धतीत राखाडीला थारा नाही. ठरावीक आकड्याच्या वरचं ते सगळं पांढरं, खालचं ते सगळं काळं. समजा, हा आकडा १२८ आहे. ३६ टक्के प्रकाश परत टाकणारा गोरा चेहरा १६२वर असतो. तो पांढरा होतो आणि त्यावर डोळे-ओठ रेषांसारखे उमटतात. ९ टक्क्यांचा सावळा चेहरा ८५वर. डोळे, नाक, गाल, सगळंच १२८च्या खाली, सगळंच काळं. काउंटरवरच्या मुलाला एवढं सांगा, की पहिल्या पानाला ‘टेक्स्ट’ नको, ‘फोटो’ किंवा ‘टेक्स्ट-फोटो’ लाव. मग यंत्र राखाडीच्या जागी बारीक ठिपके मारतं, गडद जागी दाट, उजळ जागी विरळ, आणि चेहरा चेहऱ्यासारखा येतो. ते बटण बहुतेक यंत्रांवर असतं. कॉपीचे पैसे तेवढेच लागतात.